डोंगरात मोठ्या शिकारीसाठी हलकी रायफल घ्यायचीय, किती हलकी घ्यावी?

नुसत्या रायफलचं वजन बघू नका, स्कोप म्हणजे नेम धरायची दुर्बीण, ती बसवायचं माउंट, पट्टा, गोळ्या सगळं धरून 3 ते 3.5 किलोत बसतंय का ते बघा. त्याहून हलकी चढताना बरी वाटते पण वर पोचल्यावर छाती भात्यासारखी हलत असते आणि पुढून वजनच नाही म्हणून क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधली नेमाची फुली, काही केल्या ठरत नाही, मग सॅकवर टेकवूनच मारावं लागतं. शिवाय धक्का! हलक्या रायफलमधून 300 विन मॅगसारखी जोरदार गोळी झाडली की खांदा बोलतो, पुढच्या वेळी ट्रिगर दाबायच्या आधीच माणूस दचकतो. माझ्या मते 7 एमएम-08 किंवा 308 या कमी धक्क्याच्या गोळ्या पुरे, अंतर आवाक्यात असेल तर एल्कसारख्या मोठ्या हरणालाही. पातळ बॅरल तीन-चार गोळ्यांत तापतं आणि गोळ्या सरकायला लागतात, म्हणून झिरो करताना, म्हणजे स्कोपचा नेम जुळवताना, ते थंड होऊ द्या, नाहीतर उगाच स्कोपला शिव्या घालाल.