वाचकांचे प्रश्न : स्त्रियांच्या हिरड्या पातळ असतात का?

प्रश्न : माझे वय ४२ आहे. दात साफ करून घेताना दंतवैद्यांनी मला ‘तुमच्या हिरड्या पातळ आहेत, ब्रश जपून करा’ असे सांगितले. माझ्या पतीच्या हिरड्या मात्र जाड आणि घट्ट असल्याचे ते म्हणाले. आमच्या १५ वर्षांच्या मुलीच्या दातांना आता तारा बसवायच्या आहेत. बायकांच्या हिरड्या मुळातच पातळ असतात का? तसे असेल, तर मुलीला तारा बसवण्यात धोका आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सरासरी पाहिली, तर स्त्रियांच्या हिरड्या पुरुषांपेक्षा थोड्या पातळ आढळतात. कर्नाटकातील दावणगेरे येथील दंतवैद्यकांनी ३२ जणांच्या पुढच्या दातांजवळील हिरडी मोजून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत स्त्रियांची हिरडी पुरुषांपेक्षा, आणि खालच्या जबड्याची वरच्यापेक्षा, पातळ निघाली. मात्र ही सरासरी तुमच्या मुलीला जशीच्या तशी लावता येणार नाही. बेल्जियममधील संशोधकांनी २००९ साली ५० स्त्रिया आणि ५० पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात स्पष्टपणे पातळ हिरडीच्या गटात २८ स्त्रिया होत्या, तसेच ९ पुरुषही होते. म्हणजे उरलेल्या २२ स्त्रियांची हिरडी त्या गटात बसत नव्हती. म्हणूनच, रुग्ण स्त्री आहे एवढ्यावरून हिरडी पातळ धरणे किंवा पुरुष आहे म्हणून निर्धास्त राहणे, या दोन्ही गोष्टी मला चुकीच्या वाटतात. प्रत्येकाची हिरडी, आणि तीही ज्या दाताचे काम करायचे त्या दातापाशी, तपासूनच पाहिली पाहिजे.

ही तपासणी सोपी आहे. दात आणि हिरडी यांच्यामधल्या बारीक खाचेत प्रोब नावाची बोथट टोकाची सळई हलकेच घालतात आणि हिरडीतून तिची धातूची छटा दिसते का ते पाहतात. दिसली तर हिरडी पातळ, न दिसली तर जाड. २०१७ साली शिकागो येथे झालेल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय बैठकीने हीच पद्धत सुचवली असून, ढोबळमानाने १ मिलीमीटरपर्यंतची हिरडी पातळ मानली जाते. आपल्याकडे अनेकांच्या हिरड्यांवर नैसर्गिक काळसर रंग असतो आणि त्यामुळे सळईची छटा झाकली जाऊ शकते. अशा वेळी हिरडी बधिर करून बारीक सुईने जाडी मोजता येते. गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरडी सुजून फुगीर दिसते. ती सूज म्हणजे जाडी नव्हे, त्यामुळे सूज उतरल्यावरच मोजमाप करणे योग्य.

पातळ हिरडी हा आजार नाही, ती शरीराची ठेवण आहे. निमुळते, उंच दात आणि त्यांच्याभोवती खोल कमानीसारखी वळणारी हिरडीची कड अशी ही ठेवण बहुधा दिसते, आणि हिरडीखालचे हाडही बऱ्याचदा पातळच असते. त्यामुळे जोरात आडवा ब्रश घासला, किंवा मिशरीसारखा तंबाखूचा पदार्थ बोटाने रोज चोळला, की अशी हिरडी खाली सरकून दाताचे मूळ उघडे पडण्याची शक्यता अधिक असते. तुम्ही मऊ ब्रश वापरावा, तो हिरडीकडे तिरका धरून हलक्या हाताने लहान लहान हालचाली कराव्यात.

आता मुलीविषयी. हिरडी पातळ निघाली, तरी तेवढ्याने तारा बसवायचे रद्द करण्याचे कारण नाही. खरा प्रश्न दात कोणत्या दिशेला सरकणार हा आहे. दात हाडाच्या चौकटीत राहून सरकला तर सहसा त्रास होत नाही; मात्र दाटी कमी करण्यासाठी खालचे पुढचे दात ओठाच्या बाजूला ढकलले, तर तिथले आधीच पातळ असलेले हाड आणि हिरडी ताणली जाऊन मूळ उघडे पडू शकते. म्हणून तारा बसवण्यापूर्वी तिच्या खालच्या पुढच्या दातांची हिरडी तपासावी आणि हे दात पुढे येणार आहेत का, हे उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना स्पष्टपणे विचारावे. गरज भासल्यास टाळूमधून थोडी ऊती घेऊन हिरडी आधीच जाड करता येते. उपचार सुरू असताना दर भेटीत त्या दातांचे फोटो काढून ठेवण्याची विनंती करावी, म्हणजे हिरडी जराशी सरकली तरी वेळीच लक्षात येईल.

प्रश्न : माझे वय ५० आहे, हिरड्या जाड आहेत, कधी रक्त येत नाही. मी सिगारेट ओढतो. मला हिरड्यांची चिंता करण्याचे कारण नाही ना?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : कारण आहे. जाड हिरडी सहसा खाली सरकत नाही, पण आजार झाल्यास तिच्या आत दाताभोवती खोल कप्पे तयार होतात आणि ते आरशात दिसत नाहीत. धूम्रपानामुळे हिरड्यांतून रक्त येणे कमी होते, त्यामुळे ‘रक्त येत नाही’ ही तुमची खूण भरवशाची राहिलेली नाही. प्रत्येक दाताभोवतीच्या कप्प्याची खोली मोजून घ्या आणि क्ष-किरण चित्रात हाडाची पातळी पाहून घ्या. ही तपासणी या महिन्यातच करावी आणि सिगारेट सोडण्यासाठी दंतवैद्यांची मदत त्याच भेटीत मागावी.