न आवडणाऱ्या रंगांच्या ब्लाऊजपीसांची आधुनिक गोधडी शिवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की आईच्या कपाटात ओटीत आलेले तीसेक ब्लाऊजपीस आहेत, सगळे राणी, पोपटी, चिंतामणी, शेंदरी. तुम्हाला मात्र राखाडी, निळे, मातकट रंग आवडतात, आणि हवी आहे साधी, मोकळी, आजच्या घरात शोभेल अशी गोधडी. शिवता येईल. मी अशाच गठ्ठ्यातून शिवली आहे, आणि माझ्या आवडीच्या कापडांतून केलेल्या गोधड्यांपेक्षा आज तीच मला जास्त प्रिय आहे.

सासूबाईंचं कपाट आवरताना तो गठ्ठा निघाला. हळदीकुंकवाचे, बारशांचे, डोहाळजेवणांचे पीस. एकदोन घड्यांमध्ये ओटीचे तांदूळ तसेच होते. ते कुणाला देऊन टाकणं मला जमेना, आणि अंगावर घालण्याजोगं त्यात माझ्या दृष्टीने काही नव्हतं.

पहिल्या वेळी मी चुकले. सगळ्या रंगांचे चार-चार इंचांचे चौकोन कापले आणि मध्ये राखाडी पट्ट्या घालून जमिनीवर मांडले. उत्सवातल्या पताका दिसायला लागल्या. दोन दिवस ते तसंच ठेवून येता-जाता बघत होते, तेव्हा कुठे लक्षात आलं की मी प्रत्येक रंगाला घाबरून त्याला थोडी थोडी जागा देत होते. नावडता रंग थोडासा घातला की तो डागासारखा दिसतो. तोच भरपूर घातला की ठरवून घातल्यासारखा दिसतो.

मग सगळं उलटं केलं. ज्या रंगाचा सर्वांत जास्त त्रास होत होता, तो राणी, गोधडीची जमीन म्हणून घेतला. राणीचे पाच पीस होते आणि पाचांच्या छटा वेगवेगळ्या, एक वांग्याकडे झुकणारी तर एक गुलाबाकडे. त्यांचे मोठमोठे तुकडे जोडले. उजवीकडे वरपासून खालपर्यंत पोपटीचा हातभर रुंद पट्टा, त्याला लागून चिंतामणीची बोटभर रेघ, आणि डाव्या कोपऱ्याजवळ माझ्या इंडिगोचा तळहाताएवढा एकच तुकडा. गोधडी झाली 54 × 72 इंचांची. सगळ्यांची नजर आधी त्या इंडिगोकडे जाते. माझं आवडतं कापड इतकं उठून मी याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

यामागचं कारण जुनं आहे. पॅरिसच्या गोब्लँ इथल्या गालिचे-पडद्यांच्या कारखान्यात मिशेल शव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ रंगकामाचे प्रमुख होते. निळ्या-जांभळ्या भागांतला काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तर काळ्या धाग्यात खोट नव्हती; शेजारच्या रंगामुळे तो तसा दिसत होता. 1839 मध्ये त्यांनी हे सगळं सविस्तर मांडलं. कपाटातल्या घडीत जो राणी डोळ्यांत खुपतो, तो पोपटीशेजारी भडकतो आणि आमसुलीशेजारी चक्क शांत होतो. म्हणून घडी बघून कापडाबद्दल मत बनवू नका. शेजारी बदलून बघा.

आधुनिक क्विल्टिंग म्हणून आज जे ओळखलं जातं, त्यात एकरंगी कापड, भरपूर मोकळी जागा आणि मुद्दाम असमान ठेवलेली मांडणी असते. अमेरिकेत 2009 मध्ये मॉडर्न क्विल्ट गिल्ड ही संस्था सुरू झाली ती याच आवडीच्या लोकांची. ते लोक एकरंगी सुती कापड मुद्दाम विकत आणतात. तुमच्याकडे त्याचा गठ्ठाच पडलाय.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या. त्या भागातल्या बायकांच्या सहकारी संस्थेला 1972 मध्ये सियर्स कंपनीकडून कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवायचं काम मिळालं होतं. त्यातून उरलेल्या चिंध्या घरोघर गेल्या. रंग कंपनीने ठरवलेले, त्या वेळच्या फॅशनचे, शिवणारणींनी निवडलेले नव्हेत. त्याच कापडातून त्यांनी ज्या गोधड्या केल्या, त्या बघताना कापड दुसऱ्याने निवडलं होतं हे मनातही येत नाही. आपल्या आज्यांनीही वाकळ शिवताना कुठे रंग निवडले? जी लुगडी विरली, ती आत गेली.

आता कामाचं. आधी ठरवा की कापडातलं नेमकं काय आवडत नाही. माझ्या गठ्ठ्यातल्या निम्म्या पीसांचा रंग मला चालत होता, त्यांची चमक नको होती. ती पॉलिएस्टरची होती. ओळखायला एक दोरा काढून चिमट्यात धरून पेटवा: सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टर आकसून कडक मणी होतो. चमकणारे पीस मी या गोधडीत घेतले नाहीत, कारण सुतीसोबत इस्त्री नीट होत नाही आणि अंगावर गरम होतं. जे घ्यावेसे वाटतील, त्यांची उलटी बाजू वर करून बघा. बरेचदा ती मवाळ असते. खण असतील तर त्यांच्या कडा फार सुटतात, मागे पातळ मलमल लावूनच कापा.

राणी आणि लाल रंग जातात, हे गृहीतच धरा. प्रत्येक पीस वेगळा धुवा, ओला असताना पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. फडकं रंगत असेल तर पुन्हा धुवा. चार धुण्यांनंतरही रंग सोडणारा एक पीस मी बाजूला ठेवला, कितीही आवडला असता तरी ठेवला असता.

मांडणीचा फोटो फोनवर काढून काळा-पांढरा करा. सगळं एकाच करड्या छटेचं दिसलं तर गोधडी सपाट होणार, मग एखादा खूप गडद किंवा मोतियासारखा फिका तुकडा हवा. माझ्या पोपटी पट्ट्याने तेच काम केलं.

जोडताना शिवण पाव इंचाची धरा. मध्ये जुनी सुती साडी घाला. आपल्या हवेत जाड वॅडिंगची, म्हणजे आत घालायच्या फुगीर थराची, गरज नाही. पाठीला मांजरपाट चालेल. आणि तुमची आवड मोकळेपणाने वापरायची जागा म्हणजे दोरा. मी राणीवर गडद निळ्या दोऱ्याचा धावदोरा अर्ध्या-अर्ध्या इंचावर भरला. दुरून टाके दिसत नाहीत, पण सगळा राणी एक पायरी खाली उतरतो. टाके हातानेच घाला असं मी आग्रहाने सांगेन, मशीनच्या रेघेत हा मऊपणा येत नाही. मला रात्रीची तासभर बैठक धरून तीन महिने लागले.

एकदम मोठी गोधडी घेऊ नका. गठ्ठ्यातला सर्वांत नकोसा पीस काढा, त्यातून 18 इंचांचा चौकोन कापा, त्यावर तुमच्या आवडीच्या कापडाचा एकच तुकडा टाचणीने लावा आणि भिंतीवर टांगा. तुकडा दोनचार जागी हलवून बघा. आठवडाभराने कोणता पीस होता आणि तुकडा कुठे थांबला, ते इथे लिहा. पुढची मांडणी आपण मिळून ठरवू.