कोंबडी लंगडते, तळव्याला काळी खपली आहे. घरी इलाज होतो का?

होतो. "लंगडी झाली, आता कापून टाका" असं घरचे म्हणतायत, हे तुम्ही प्रश्नात लिहिलंय, म्हणून मी एवढं लांब लिहायला बसले. तुमच्या 6 गावरान कोंबड्यांतली एक पाय टेकत नाही, तळव्याला गाठ आहे, वर काळी खपली. किती दिवसांत बरी होईल आणि तिची अंडी खाल्ली तर चालतील का, असं विचारलंय. अंड्यांचं नंतर सांगते.

आमचं घर कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे आमच्याकडं शाळकरी पोरांनाही पाठ असतं. 2021 च्या जुलैत पाणी परड्यात शिरलं तेव्हा म्हशी वरच्या आळीला पाहुण्यांच्या गोठ्यात नेल्या आणि माझ्या 11 कोंबड्या डालग्यात घालून मी स्लॅबवर चढवल्या. ताडपत्री बांधली, मका टाकला. आठ दिवस त्या तिथंच होत्या. खाली ओलं, खरबरीत सिमेंट. झोपायला पाण्याच्या टाकीवर चढायच्या आणि दिवस उजाडला की पाच फुटांवरून धप्पकन खाली उडी. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. पाणी उतरलं, खुराडं धुऊन वाळवलं, कोंबड्या खाली आणल्या, आणि दोन दिवसांत काबरी आणि तुरेवाली लंगडायला लागल्या.

माझे थोरले दीर म्हणाले, "पुराच्या गारठ्यानं वारं गेलंय अंगावरनं. आखाड हाय तवर कापा, श्रावण लागला की वायाच जायाच्या." मी नाही म्हटलं. मग त्यांनी बिब्बा काढला. सुईला टोचून चिमणीवर धरला आणि सुटलेलं तेल तसंच कढत कढत काबरीच्या तळव्याला लावलं. तिला मी धरलं होतं. तिनं पाय आखडून घेतला आणि माझ्या दंडात चोच खुपसून गप्प पडून राहिली, हे मला अजून आठवतं. तिसऱ्या दिवशी बिब्बा उतला. बोटांच्या बेचक्यांपासून वर नळीपर्यंत फोड, कातडी निघालेली, त्यावर माश्या. काबरी बसली ती उठलीच नाही, दाणा सोडला, नवव्या दिवशी गेली. घरात सगळे म्हणाले, वारंच गेलं होतं. बिब्ब्याचं नाव कुणी घेतलं नाही.

बिब्ब्यानं माणसाची कातडी जळते, मग कोंबडीची का नाही जळणार? काटा मोडला म्हणून शेतकऱ्यानं स्वतःच्या राठ टाचेला चटका देणं वेगळं आणि दीड-दोन किलोच्या पाखराच्या सुजलेल्या तळव्याला देणं वेगळं. तुमच्या घरात कुणी बिब्बा, चुना नाहीतर तापवलेला विळा घेऊन आलं तर कोंबडी हातात देऊ नका. मग ते कितीही मोठे असोत.

तुरेवालीला मी माडीवर शेंगांच्या पोत्यांआड डालग्याखाली ठेवली. त्याच आठवड्यात म्हशींना घटसर्पाची लस टोचायला जनावरांच्या दवाखान्यातले एक जण आले होते, त्यांना हळूच दाखवली. त्यांनी तिला उताणी केली आणि पहिलं विचारलं, "तळवा बघितला का कुणी?" कुणीच बघितला नव्हता. ती चालते कशी तेवढंच आम्ही सगळे बघत होतो. तळव्याच्या मधोमध करवंदाएवढी गाठ, गरम लागत होती, आणि तिच्या टोकाला शाईच्या ठिपक्यासारखी काळी खपली. तुमचं वर्णन हेच आहे. याला बंबलफूट म्हणतात. उंचावरून उडी मारून तळवा ठेचला, काटा-काच लागली, दांडा खरबरीत असला की कातडीला बारीक चीर पडते आणि ओल्या घाणीतले स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू आत जातात. गिरिराज-वनराजसारख्या अंगानं जड कोंबड्यांना जास्त होतं, पण गावरानलाही होतं.

मला तोवर माहीत नव्हती ती एक गोष्ट त्यांनी सांगितली. कोंबडीचा पू माणसासारखा पातळ होऊन वाहत नाही. तो आत घट्ट, पनीरसारखा होतो आणि त्याची कणी बनते. म्हणून सुई टोचून दाबलं तर काही येत नाही, उलट जखम खोल जाते.

मी केलं ते असं. अंधार पडल्यावर धरायची, तेव्हा ती शांत असते. जुन्या लुगड्याच्या फडक्यात पंख आणि डोकं गुंडाळून एकच पाय बाहेर ठेवायचा. लहान पोराच्या अंघोळीला चालेल, कोपराला सोसेल इतक्या कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पाय 15 मिनिटं बुडवायचा. हे मीठ मेडिकलमध्ये मिळतं. तुरेवाली दोनदा फडफडली, मग पाण्यात पाय सोडून डोळे मिटून बसली. पुसायचा, बीटाडीन लावायचं, गॉझ ठेवून पट्टी बोटांच्या बेचक्यांतून फिरवायची आणि नळीला एक सैल वेढा द्यायचा. सकाळी बोटं गार किंवा सुजलेली दिसली तर पट्टी आवळली गेलीय, लगेच सोडा. रोज हेच. चौथ्या रात्री खपली भिजून आपोआप सुटली आणि तिच्या मागोमाग मक्याच्या दाण्याएवढी पिवळट कणी आली. खाली लाल, स्वच्छ खड्डा. खपली सहज निघत नसेल तर ब्लेड लावू नका. चिरायचं काम डॉक्टरांचं, कारण तिथं रक्त बरंच येतं. हळद लावायला माझी हरकत नाही, पण आतली कणी हळदीनं निघत नाही.

तिला एकटी ठेवा, नाहीतर बाकीच्या लाल दिसलं की टोचतात. खाली भाताचं तूस घाला, कोरडं आणि जाड. उसाचं पाचट आपल्याकडं फुकट मिळतं, पण पावसाळ्यात ओलं झालं की बुरशी धरतं. बसायचा दांडा दीड-दोन फुटांपेक्षा उंच नको आणि साल काढून गुळगुळीत केलेला हवा. हे बदललं नाही तर पाय बरा होऊन पुन्हा येईल.

तुरेवालीला पाच आठवडे लागले. दसऱ्याला ती अंड्यावर आली, पुढं खुडूक होऊन 9 पिल्लं काढली. दीर अजून म्हणतात, तिला वारं गेलंच नव्हतं म्हणून वाचली. मग काबरीला तरी कुठं गेलं होतं? दोघींचे पाय सारखेच सुजले होते. कोंबड्या बाईनं पाळायच्या, खुराडं तिनं लोटायचं, अंड्याचे चार पैसे तिचे म्हणायचे, आणि कापायची की ठेवायची हे मात्र बाप्यांनी ठरवायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आताही पटत नाही.

लंगडणं दर वेळी तळव्याचंच असतं असं नाही. माझी नणंद इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेजारी राहते. तिच्या कोंबडीच्या बोटाला सुताचा धागा इतका रुतला होता की बोट काळं पडून गळालं. पायाला सुतळी बांधून ठेवायची सवय असेल तर तीही सोडा. नळीवरची खवलं उचकटलेली, पांढुरकी दिसत असतील तर ते खवल्याखालच्या किड्यांचं काम. त्याला खोबरेल तेल नाहीतर व्हॅसलीन काही आठवडे चोळायचं, आणि सगळ्याच कोंबड्यांना. तलंगेचा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबडीचा, एक पाय पुढं आणि एक मागं ताणलेला असेल तर तो मरेक नावाचा रोग असू शकतो. त्याला इलाज नाही, लस पिल्लाला पहिल्याच दिवशी द्यावी लागते. मान पिरगळली, हिरवी पातळ हगवण दिसली तर राणीखेत रोग धरून चाला. पाय जांभळे पडून कोंबड्या पटापट मरायला लागल्या तर हात न लावता दवाखान्याला कळवा.

हातमोजे घाला, हे आधीच सांगायला हवं होतं. त्याच जंतूंनी आपलं चिरलेलं बोटही पिकतं. अंड्यांचं असं की, नुसतं वरून औषध लावलं असेल आणि कोंबडी खातपीत असेल तर मी अंडी शिजवून खाल्ली. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर ते सांगतील तितके दिवस अंडी फेकायची, विकायची पण नाहीत. मेडिकलमधून अंदाजानं गोळी आणू नका. सूज वर नळीकडं चढली किंवा दाणा सोडला तर घरी वेळ घालवू नका.

आज रात्री टॉर्च धरायला कुणाला तरी सोबत घ्या आणि दुसऱ्या पायाचा तळवाही बघा. सगळा भार त्याच्यावर येतो. तुरेवालीचा दुसरा पाय मी सहा दिवस उलटून बघितलाच नव्हता आणि त्यालाही खपली धरली होती.