आरोग्य आणि मोबाइल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांच्या अपॉइंटमेंटसाठी हॉस्पिटलचा नंबर इंटरनेटवर शोधून फोन केला. समोरच्याने ‘नोंदणीचे फक्त पाच रुपये’ मागितले आणि व्हॉट्सॲपवर एक फाईल पाठवली. ती उघडावी का? शिवाय, साखरेच्या नोंदींसाठी ॲप कसं निवडावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : फाईल उघडू नका. नाव ‘.एपीके’ने संपत असेल तर ते प्ले स्टोअरला वगळून फोनमध्ये घुसणारं ॲप असतं. ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि ती मिळाली की बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे जातो. पाच रुपये हे निमित्त. ते भरताना तुम्ही टाकलेला कार्ड नंबर किंवा यूपीआय पिन त्यांना हवा असतो. शोधात सर्वांत वर दिसणारा नंबर जाहिरातीतला असू शकतो. म्हणून जुन्या केसपेपरवर किंवा बिलावर छापलेलाच नंबर लावा.

फाईल उघडून झाली असेल, तर आधी वाय-फाय आणि मोबाइल डेटा बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं, कार्ड, यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत फिरतात आणि गोठवणं कठीण होतं. नुसतं ॲप काढून भागेलच असं नाही. फोटो, कागदपत्रं दुसरीकडे ठेवून फोन फॅक्टरी रीसेट करणं, म्हणजे त्यातलं सगळं पुसून टाकणं बरं.

आता साखरेचं ॲप. ते कामापुरत्याच परवानग्या मागतं का, हे आमच्या मते सर्वांत महत्त्वाचं. रिपोर्टचा फोटो काढायला कॅमेरा, ग्लुकोमीटर जोडायला ब्लूटूथ, हे ठीक. अँड्रॉइड 11 किंवा त्याआधीच्या फोनवर ब्लूटूथसाठी लोकेशनही मागितलं जातं, त्याने दचकू नका. पण संपर्कयादी आणि एसएमएस कशाला? नकार देऊन पाहा. त्यावर ॲप चालेनासं झालं तर काढून टाका. प्ले स्टोअरवरची ‘डेटा सेफ्टी’ची माहिती ॲप बनवणाऱ्यानेच भरलेली असते, तेव्हा तिला दावा समजा. कंपनीचं नाव-पत्ता, खातं कायमचं पुसायची सोय आणि नोंदींची पीडीएफ, एवढं हवंच.

एकक जरूर तपासा. काही परदेशी ॲप्स साखर मिलीमोलमध्ये दाखवतात. तिथला 10 म्हणजे आपल्याकडचा 180. इन्सुलिनचा डोस मात्र ॲपच्या सांगण्यावरून बदलू नका, डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न : वेबसाइटवर कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणजे ती खात्रीची ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. तुम्ही भरलेली माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढंच ते चिन्ह सांगतं. पलीकडे कोण बसलंय, हे नाही. पत्त्याचा शेवट पाहा : बहुतेक सरकारी साइट ‘जीओव्ही डॉट इन’वर संपतात. ऑनलाइन सल्ला देणाऱ्या डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असायलाच हवा, आणि तो वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत पडताळता येतो.

प्रश्न : ‘आभा’ काढलं की माझे सगळे रिपोर्ट सगळ्यांना दिसतील का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. ‘आभा’ म्हणजे आरोग्याच्या नोंदी जोडणारा 14 अंकी सरकारी ओळख क्रमांक, आणि तो ऐच्छिक आहे. कोणते रिपोर्ट, कोणाला, किती काळ दाखवायचे याची संमती तुम्ही देता आणि ती मागेही घेऊ शकता. मोफत उपचारांचं आयुष्मान कार्ड वेगळं. नोंदणी करताना केंद्रावर कोणी ओटीपी विचारला, तर तो कशासाठी आलाय हे मेसेजमध्ये वाचा, मगच सांगा.