सांडव्यावरची दीड फूट भिंत

प्रश्न : मुळशी तालुक्यातील एका फार्महाऊस योजनेत आम्ही चाळीस जणांनी प्लॉट घेतले आहेत. तेथे विकासकाने ओढ्यावर मातीचा बांध घालून सुमारे तीन एकरांचा तलाव केला आहे. बांधाची उंची पायापासून आठ मीटर आणि लांबी दीडशे मीटर आहे. उन्हाळ्यातही तलाव भरलेला दिसावा म्हणून दोन वर्षांपूर्वी संस्थेने सांडव्यावर दीड फूट उंचीची विटांची भिंत बांधली आणि मासे वाहून जाऊ नयेत म्हणून तेथे जाळी बसवली. बांधाच्या माथ्यावर फिरण्याची वाट असून दोन्ही बाजूंना गुलमोहर लावले आहेत. या ऑगस्टपासून बांधाच्या पायथ्याशी ओल येते आणि एका जागी करंगळीएवढी धार वाहते. खाली अर्ध्या किलोमीटरवर वस्ती आहे. विकासक म्हणतो की तलाव आता संस्थेचा आहे आणि तो लहान असल्यामुळे धरण सुरक्षा कायदा त्याला लागू नाही. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : कायद्यापुरते विकासकाचे म्हणणे बरोबर आहे, पण त्यातून तो जो अर्थ काढू पाहतो तो मुळीच निघत नाही. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो; १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना तो लांबी, साठा, पुराचा विसर्ग, पाया किंवा रचना यांविषयीची एखादी अट पूर्ण होत असेल तरच लागू होतो. त्यामुळे आपला आठ मीटरचा बांध त्या कक्षेबाहेर राहतो आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी करण्याचे त्या कायद्यातील बंधन आपल्यावर येत नाही. याचा सरळ अर्थ असा की आपण स्वतः बोलावल्याशिवाय तेथे कोणीही तपासायला येणार नाही.

जबाबदारी मात्र कोठेही जात नाही. लँकेशायरमधील एका गिरणीमालकाने बांधलेल्या तलावाचे पाणी जुन्या बोगद्यांतून शेजाऱ्याच्या खाणीत शिरले, तेव्हा मालकाचा स्वतःचा हलगर्जीपणा नसतानाही त्याने नुकसान भरून द्यावे, असा निर्णय इंग्लंडमध्ये १८६८ साली झाला, आणि हे तत्त्व आपल्याकडील न्यायालयेही मानतात. पुढे १८७४ साली मद्रास इलाख्यातील एका जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचे नुकसान झाले, तेव्हा प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायालयाने, त्याला या कडक नियमातून सूट दिली. पण ते तलाव शेतीसाठी पिढ्यान्‌पिढ्या राखायचे तलाव होते. शोभेच्या तलावाला ही सूट मागता येईल असे मला वाटत नाही, आणि सांडवा आपणच अडवलेला असल्यामुळे हलगर्जीपणा वेगळा सिद्ध करण्याची फारशी गरजही उरणार नाही.

आपण सर्वाधिक धारेविषयी लिहिले आहे, पण मला अधिक काळजी त्या भिंतीची वाटते. तीन एकरांवर दीड फूट म्हणजे सुमारे ५५ लाख लिटर जादा पाणी झाले, पण मुख्य धोका तो नव्हे. सांडव्यावरून जाणारा विसर्ग पाण्याच्या खोलीच्या दीडाव्या घाताने बदलतो. पुराच्या वेळी सांडव्यावरून पूर्वी तीन फूट पाणी सुरक्षितपणे जाऊ शकत असेल आणि भिंतीमुळे आता दीड फुटालाच जागा उरली असेल, तर सांडव्याची क्षमता निम्मी न राहता सुमारे ३५ टक्क्यांवर येते. त्यात जाळीला पालापाचोळा अडकला की उरलेली वाटही बंद होते, पाणी माथ्यावरून वाहू लागते, आणि मातीचा बांध माथ्यावरून वाहणारे पाणी फार वेळ सोसत नाही. अमेरिकेतील साउथ फोर्क हे मातीचे धरण मासेमारी व शिकारीच्या हौसेसाठी चालवल्या जाणाऱ्या एका खासगी क्लबच्या मालकीचे होते. तेथे मासे राखण्यासाठी सांडव्यावर जाळ्या होत्या, तळाचे नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते आणि माथाही थोडा खाली उतरवलेला होता. ३१ मे १८८९ रोजी ते फुटले आणि खालच्या जॉन्सटाउन शहराच्या परिसरात २,२०९ माणसे दगावली. ते धरण आपल्या बांधाच्या जवळजवळ तिप्पट उंच होते, हे खरे. पण हौस तीच आहे.

पुणेकरांना पानशेत वेगळे सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी फुटलेले ते धरणही मातीचेच होते. विमोचकाचे, म्हणजे बांधाखालून पाणी सोडण्याच्या वाटेचे, काम अपुरे असताना पाणी साठले आणि विमोचकावरचा भराव खचत गेला.

आता धारेविषयी. मातीचा बांध थोडा पाझरणारच. पाहायचे ते हे की पाण्याबरोबर माती येते का. धारेचे पाणी काचेच्या बाटलीत भरून रात्रभर स्थिर ठेवावे आणि सकाळी तळाशी गाळ बसला आहे का ते पाहावे. त्याचबरोबर बादली भरायला किती सेकंद लागतात ते रोज एकाच वेळी वहीत लिहून तलावाची पातळीही शेजारी नोंदवावी. पातळी तीच असताना बादली लवकर भरू लागली किंवा पाणी गढूळ झाले, तर पाणी आतून बांध पोखरत आहे असे समजून वस्तीला लगेच हलवावे. धारेच्या तोंडाशी काळी माती किंवा सिमेंट कोंबण्याचा मोह मात्र टाळावा, कारण पाणी दुसरीकडून वाट काढते. तेथे आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी आणि वर दगड असा थर द्यावा, म्हणजे पाणी निघून जाते आणि माती मागे राहते. गुलमोहरांची झाडे उपटू नयेत, कारण त्याने भराव उकलतो. ती कापावीत, आणि मुळे कुजून पोकळ्या पडतात म्हणून बुंध्यांचे पुढे काय करायचे ते अभियंत्याला विचारूनच ठरवावे.

अर्ज कोणाकडे करावा, असाही प्रश्न आपल्या मनात असेल. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे ओढे-नाले शासनाच्या मालकीचे असतात, म्हणून बांधाला कोणाची परवानगी होती हे तहसीलदारांकडे लेखी विचारावे. त्याच अर्जाची प्रत जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाला आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी. मातीच्या धरणांचा अनुभव असलेला स्थापत्य अभियंता संस्थेने स्वखर्चाने आणावा. इमारतींचा अनुभव येथे पुरत नाही. खालच्या वस्तीतील दोन-तीन घरांचे फोन क्रमांक रखवालदाराजवळ असावेत, आणि मुसळधार पावसाच्या रात्री तो फाटकापाशी न बसता सांडव्यापाशी असावा.

जाळी आजच काढावी. भिंतीला पाणी टेकलेले असताना मात्र ती फोडू नये, कारण ते सगळे पाणी एकदम वस्तीकडे जाईल. विमोचकातून, तो नसेल तर पंपाने किंवा वक्रनलिकेने (सायफनने), पातळी रोज वीतभर उतरवावी. त्याहून घाई केली तर आतल्या बाजूचा ओला उतार घसरतो. पाणी सांडव्याच्या मूळ पातळीखाली गेले की भिंत काढावी, आणि निघालेल्या विटा सांडव्याच्या चरात न टाकता बाहेर नेऊन ठेवाव्यात.