ख्रिस्ती भक्तिगीतांवर घर चालेल का?

प्रश्न : मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका मंडळीत (चर्चमध्ये) उपासनेचे संगीत सांभाळतो. संगीत विशारद झालो आहे. पेटी आणि कीबोर्ड वाजवतो. मराठीत काही भक्तिगीते लिहून मी त्यांना चाली लावल्या असून दोन गीते स्वखर्चाने ध्वनिमुद्रित करून यूट्यूबवर ठेवली आहेत. खासगी नोकरी सोडून स्वतंत्र ख्रिस्ती संगीतकार म्हणून पूर्णवेळ काम करावे, अशी मनापासून इच्छा आहे. मात्र मानधनाचा विषय काढला की ‘ही तर प्रभूची सेवा’ असे उत्तर मिळते. दरम्यान एका संगीत कंपनीने माझी सर्व गीते एकरकमी घेण्याची तयारी दाखवली आहे. करारात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असे लिहिले आहे. मी काय करावे?

उत्तर : नोकरी आत्ताच सोडू नये आणि तो करार आहे त्या स्वरूपात स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोकरीचा विचार करताना प्रथम श्रोत्यांची संख्या पाहावी लागते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होती आणि त्यातही कोकणी, इंग्रजी, मल्याळम किंवा तमिळ भाषेत उपासना करणारी असंख्य कुटुंबे आहेत. यूट्यूबवरील जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्राइबर आणि वर्षभरात ४,००० तासांचे प्रेक्षण, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना (छोट्या व्हिडिओंना) १ कोटी व्ह्यूज लागतात. स्पॉटिफाय या गाणी ऐकण्याच्या ॲपवर २०२४ पासून मागील बारा महिन्यांत एखादे गीत किमान १,००० वेळा ऐकले गेले नसेल, तर त्याचे मानधन जमाच होत नाही. हे टप्पे आपण गाठू शकाल, पण ते गाठल्यानंतरही मराठी भक्तिगीतांच्या एवढ्याशा श्रोतृवर्गातून घरखर्च निघणे अवघड आहे. या माध्यमांमुळे गीत दूरवर पोहोचते, अनोळखी मंडळ्यांकडून निमंत्रणे येतात आणि त्यांचा खरा उपयोग तोच आहे. या क्षेत्रात नेटाने टिकलेल्यांचे उत्पन्न बहुधा शिकवण्या, इतरांच्या गीतांचे संगीत संयोजन, ध्वनिमुद्रणातील साथ, विवाहप्रसंगीचे गायन आणि नाताळचे कार्यक्रम अशा अनेक कामांतून येते. आपण विशारद आहात, त्यामुळे शिकवण्या आजपासूनही सुरू करता येतील. या सर्व कामांतून सलग वर्षभर घरखर्चाएवढी रक्कम येऊ लागली, की नोकरी सोडण्याचा विचार करावा.

आता सेवेविषयी. बायबलमधील प्रेषित पौल करिंथ शहरात तंबू शिवण्याचा धंदा करून राहिला. त्याच करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात त्याने सुवार्ता सांगणाऱ्यांनी सुवार्तेवर उपजीविका करावी हा हक्क ठामपणे मांडला आणि स्वतः मात्र तो वापरला नाही. म्हणजे विनामोबदला सेवा ही देणाऱ्याने आपल्या इच्छेने करायची गोष्ट आहे; ती दुसऱ्याकडून गृहीत धरण्याचा अधिकार कोणालाही नाही. आपल्या स्वतःच्या मंडळीतील रविवारची उपासना आपण आनंदाने विनामूल्य करावी. परंतु बाहेरगावची अधिवेशने, जागृती सभा आणि नाताळचे कार्यक्रम यांसाठी प्रवासखर्च, साथीदारांचे पैसे आणि आपले मानधन हे तिन्ही आकडे निमंत्रण स्वीकारतानाच लेखी कळवावेत. कार्यक्रम संपल्यावर पाळकांपुढे अवघडून उभे राहण्यापेक्षा हे दोन्ही पक्षांना सन्मानाचे ठरते.

कोणती गीते गायची, हा प्रश्नही उपजीविकेशी जोडलेला आहे. गाजलेल्या इंग्रजी उपासना-गीतांचे मराठी रूपांतर करून ते प्रसिद्ध करण्याची प्रथा वाढली आहे. मात्र भाषांतराचा हक्क मूळ हक्कधारकाचा असल्यामुळे परवानगीवाचून प्रसिद्ध केलेले असे गीत केव्हाही काढून टाकले जाऊ शकते. प्रत्यक्ष धार्मिक विधीच्या वेळी गीत गाण्याला आपल्या कायद्यात सवलत आहे. परंतु ध्वनिमुद्रण करून ते प्रसिद्ध करणे हे त्या सवलतीत बसत नाही. याउलट मराठी मंडळीजवळ अभंग, ओवी, पदे आणि कीर्तन यांची स्वतःची परंपरा आहे व तिचे मोठे केंद्र आपलाच जिल्हा राहिला आहे. या परंपरेतील कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये निवर्तले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपत असल्यामुळे त्यांच्या भजनांना नव्या चाली लावण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही. ढोलकी, टाळ आणि पेटीवरचे मराठी ख्रिस्ती भजन आज पुरेसे ध्वनिमुद्रित होत नाही, याची मला मनापासून खंत वाटते आणि आपल्यासारख्या विशारद कलावंताने ते काम हाती घ्यावे, असे आग्रहाने सुचवतो.

कराराचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. एका गीतात तीन वेगवेगळे हक्क असतात : शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. आपण स्वखर्चाने मुद्रित केलेल्या दोन गीतांचे तिन्ही हक्क, वेगळा करार झालेला नसल्यास, आज आपलेच आहेत. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता मानावा, अशी तरतूद १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आहे. मात्र आपल्या करारात ‘कायमस्वरूपी’ असे स्पष्ट लिहिल्यामुळे मुदतीचे ते संरक्षण आपल्याला मिळणार नाही. २०१२ च्या दुरुस्तीनुसार ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांच्या व चालीच्या रॉयल्टीतील समान वाटा गीतकार आणि संगीतकार यांना कंपनीच्या नावे सोडून देता येत नाही. तसा करार त्या मर्यादेत निरर्थक ठरतो. तरीही ही रॉयल्टी हाती पडण्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या, १९६९ पासूनच्या संस्थेचे सभासदत्व घेऊन तेथे प्रत्येक गीत नोंदवावे लागते. कॉपीराइट कार्यालयातील नोंदणी बंधनकारक नाही. पण शब्द किंवा चाल यांच्या नोंदणीचे शुल्क प्रत्येकी ५०० रुपये असून वाद उद्भवल्यास ती पुरावा म्हणून उपयोगी पडते. एखाद्या गीतात मित्राचे शब्द किंवा चाल असेल, तर कोणाचा किती वाटा हे ध्वनिमुद्रणापूर्वीच कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

कंपनीला आपण उलट प्रस्ताव पाठवावा : मालकी आपल्याकडेच राहील, कंपनीला केवळ दोन गीते तीन वर्षांसाठी प्रसिद्ध करण्याचा परवाना मिळेल आणि हिशेब दर सहा महिन्यांनी लेखी येईल. सही करण्यापूर्वी मसुदा वकिलाला दाखवावा. कंपनीने नकार दिल्यास डिस्ट्रोकिड किंवा ट्यूनकोर यांसारख्या, गीते ऑनलाइन माध्यमांवर पोहोचवणाऱ्या वितरकामार्फत गीते स्वतः प्रसिद्ध करता येतात. त्या वेळी प्रत्येक ध्वनिमुद्रणाला मिळणारा आयएसआरसी क्रमांक (त्या ध्वनिमुद्रणाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक) जपून ठेवावा, म्हणजे पुढे वितरक बदलला तरी गीताची जुनी नोंद कायम राहते. नाताळचे गीत असेल, तर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच वितरकाकडे सोपवावे, कारण स्पॉटिफायच्या संपादकांकडे गीत सुचवण्यासाठी ते प्रसिद्धीच्या किमान सात दिवस आधी तेथे पोहोचलेले असावे लागते आणि गायकवृंदांनाही ते बसवण्यासाठी तीन-चार रविवार मिळायला हवेत.