भौतिक, भाव आणि पावाचा दर

प्रश्न असा आलाय: ‘समाज भौतिक परिस्थितीमुळे बदलतो की जाणिवेमुळे, या चर्चेत ‘भौतिक’ऐवजी ‘आर्थिक’ म्हटलं तर चालेल का?’

नाही चालणार. जमीन, पाणी, अवजारं, कामाचे तास हे सगळं भौतिक परिस्थितीत येतं. ‘आर्थिक’मध्ये ते मावत नाही. त्याहून खटकतं ते ‘तो फार भौतिकवादी आहे’ हे सर्रास कानावर पडणारं वाक्य. भौतिकवाद ही एक विचारसरणी आहे, जगाचं मूळ भौतिक गोष्टींत आहे असं मानणारी. माणूस हावरट असेल तर सरळ हावरट म्हणा, मराठीत तो शब्द चांगला ठसठशीत आहे!

भूत म्हणजे पिशाच्च आणि भूत म्हणजे गेलेला काळ, हे सोडून देऊ. मूळ धातू ‘भू’, म्हणजे होणे, असणे. जे झालं ते भूत, त्यासंबंधीचं ते भौतिक. आणि याच ‘भू’पासून आलाय ‘भाव’: मनातलाही आणि बाजारातलाही. हे दोन निराळे शब्द, उच्चार तेवढा योगायोगानं जुळला, असं ठासून सांगणारे अभ्यासक भेटतात. त्यांनी दुसरी व्युत्पत्ती दाखवावी, मग बोलू. मनाची स्थिती तो भाव, मालाची बाजारातली स्थिती तोही भाव; यात ओढाताण कुठे आहे?

फ्रान्समध्ये १७७५ साली धान्याच्या भावावरून दंगे झाले, शमले, राजसत्ता जागच्या जागी राहिली. १७८८चं पीक बुडालं आणि पाव पुन्हा भडकला. पण १७८९च्या वसंतात गावोगावी गाऱ्हाण्यांच्या वह्या लिहिल्या गेल्या होत्या. मिठावरचा कर त्यांत होता, जमीनदाराची कबुतरं पेरलेले दाणे टिपून जातात हेही होतं. भूक जुनीच, आता ती कागदावर मांडलेली होती. ५ ऑक्टोबरला पॅरिसच्या बायका पाव मागत व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाला पॅरिसला घेऊन आल्या. बाजारातला भाव आणि मनातला भाव तिथे वेगळे काढून दाखवा!

‘सामाजिक अस्तित्व जाणीव ठरवतं’ हे मार्क्सचं १८५९चं वाक्य तोंडावर फेकणाऱ्यांनी त्याचा सहकारी एंगेल्स याचं १८९०चं पत्रही वाचावं. प्रत्यक्ष जीवनाचं उत्पादन आणि पुनरुत्पादन अखेरीस निर्णायक, एवढंच तो म्हणतो. त्याचं ‘आर्थिक घटक हाच एकमेव निर्णायक’ असं कुणी केलं, तर ते विधान पोकळ होतं, असं त्यानं स्वच्छ लिहिलंय. ‘भौतिक’ खोडून ‘आर्थिक’ लिहिणं ही त्याच वाटेवरची पहिली पायरी आहे.